प्रतिमा-मार्गदर्शित किरणोपचार : रोजचे चित्र, पहिल्या दिवसाची चूक आणि रुग्णाची नेमकी स्थिती

समकेंद्र

मी १७ वर्षे किरणोपचार विभागात, म्हणजे कर्करोगावर किरणांनी उपचार करणाऱ्या विभागात, टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करते आहे. रुग्णाला लिनॅकच्या (उपचाराचे किरण देणाऱ्या यंत्राच्या) काउचवर, म्हणजे सरकत्या पलंगावर, झोपवणे, त्याच्या अंगावरच्या खुणा भिंतींवरच्या लेसरशी जुळवणे, कोन-बीम सीटी (त्याच यंत्रावर काढलेले त्रिमितीय एक्स-रे चित्र) घेणे, ती नियोजनाच्या सीटीवर, म्हणजे उपचार आखण्यासाठी आधी काढलेल्या चित्रावर, ठेवून पडताळणे आणि काउच हवा तितका सरकवणे, हे माझे रोजचे काम आहे. या उपचारांविषयी मराठीत जे वाचायला मिळते, त्यात यंत्राच्या अचूकतेचे वर्णन असते आणि ते खरेही असते. पण यंत्र एका मिलिमीटरपर्यंत अचूक असले की त्यावर झोपलेला माणूसही तितकाच अचूक जागी असतो, असा समज त्यातून होतो. रुग्णांच्या नातेवाइकांत तो दिसतो आणि नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींतही दिसतो. त्याविषयी सविस्तर बोलावे, म्हणून या चर्चामंचावर हा धागा काढते आहे.

जुन्या, कोबाल्टच्या यंत्रांच्या काळात भिस्त कातडीवरच्या खुणांवर असे. फार तर आठवड्यातून एकदा फिल्म घेऊन हाडे जागेवर आहेत ना, हे पाहिले जाई. कातडी मात्र हाडांना चिकटलेली नसते. पोट सुटलेल्या माणसाच्या कमरेवरची खूण, तो थोडा वळून झोपला तरी, सेंटीमीटरभर सहज सरकते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात रॉयल ओक येथील विल्यम बोमाँट रुग्णालयात डेव्हिड जाफ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनॅकच्या गॅन्ट्रीवरच (रुग्णाभोवती फिरणाऱ्या भागावरच), उपचाराच्या किरणांशी काटकोनात, एक्स-रे नळी आणि सपाट पटल बसवले. गॅन्ट्री रुग्णाभोवती फिरता फिरता त्रिमितीय चित्र मिळू लागले, आणि २००२ मध्ये या पद्धतीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले. आज आपल्याकडच्या जिल्ह्यांच्या ठिकाणीसुद्धा हे तंत्र पोहोचले आहे. नियोजनाच्या सीटीत एक रंग आणि आजच्या चित्रात दुसरा रंग देऊन दोन्ही एकमेकांवर ठेवले की रुग्ण डावीकडे किती, खाली किती, पायाकडे किती सरकला आहे, हे आकड्यांत दिसते.

मला सांगायचे आहे ते या आकड्यांच्या आधीचे. आजचे चित्र ज्याच्याशी ताडून पाहतो, ते नियोजनाचे चित्र एकाच दिवशी, सिम्युलेशनच्या (उपचारापूर्वीच्या तयारीच्या) दिवशी, काढलेले असते. त्या दिवशी रुग्ण घाबरलेला असेल, खांदे आखडून झोपला असेल, त्याचा मूत्राशय अर्धवट भरलेला असेल किंवा गुदाशयात वायू साठलेला असेल, तर ते क्षणभराचे चित्र पुढच्या २५ किंवा ३५ दिवसांचे प्रमाण होऊन बसते. आपण मग रोज अत्यंत काटेकोरपणे एका चुकीच्या चित्राशी रुग्णाला जुळवत राहतो.

ही भीती केवळ माझ्या मनातली नाही. टेक्सासमधील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील रुग्णांचा अभ्यास द क्रेव्होइझिए आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कर्करोगाच्या ज्या रुग्णांचा गुदाशय नियोजनाच्या सीटीत फुगलेला होता, त्यांच्यात आजार पुन्हा डोके वर काढण्याचे प्रमाण लक्षणीय अधिक आढळले. कारण समजायला सोपे आहे. फुगलेला गुदाशय प्रोस्टेटला पुढे ढकलतो. पुढच्या दिवसांत गुदाशय रिकामा झाला की प्रोस्टेट मागे बसते, आणि केवळ हाडे जुळवून उपचार दिला तर तिचा मागचा भाग दररोज थोडा थोडा उपाशी राहतो. त्या अभ्यासातल्या रुग्णांना रोजच्या प्रतिमेचा आधार नव्हता, हे मान्य. तरीही त्यातला धडा मला आजच्या काळात जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण हातात चित्र असल्याच्या विश्वासाने सिम्युलेशनच्या दिवसाची काळजी कमी होताना मी पाहते आहे.

या क्षेत्रातल्या मंडळींनी आणि उपचार घेतलेल्यांनीही आपापले अनुभव लिहावेत.

सावली

आपला धागा वाचून राहवले नाही. माझ्या वडिलांचे वय ७१ आहे. त्यांच्यावर प्रोस्टेटसाठी २५ फ्रॅक्शनचे (एकेका दिवसाच्या २५ हप्त्यांचे) उपचार चालू आहेत आणि हा तिसरा आठवडा आहे. रोज आधी चित्र काढतात, मग आतून आवाज येतो आणि काउच किंचित हलतो. बाहेर स्क्रीनसमोर बसलेली मुले एकमेकांना "आज चार मिलिमीटर", "आज सहा" असे सांगताना मी दारातून ऐकले. माझ्या मनात आले की रोजच चूक होते आहे का? पहिल्या दिवशीच नीट का झोपवत नाहीत?

दुसरे असे की गेल्या आठवड्यात दोनदा वडिलांना झोपवून, चित्र काढून, परत उठवले आणि पाणी पिऊन तासाभराने या म्हणून सांगितले. आम्ही एसटीने सव्वादोन तासांचा प्रवास करून येतो. लघवी दाबून बसणे त्यांना या वयात अतिशय कष्टाचे जाते. त्यांना वाटते की ही मुले उगीच त्रास देतात. आणि रोजच्या या चित्राचे किरण वेगळे लागतात, त्यांचे काय, हा प्रश्न माझ्या भावाने विचारला आहे.

समकेंद्र

सावलीताई, वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांना होणारा त्रास खरा आहे.

तुम्ही ऐकलेले चार किंवा सहा मिलिमीटर म्हणजे चूक घडून उपचार दिला गेला, असा अर्थ नाही. तो उपचार देण्यापूर्वी सापडलेला आणि काउच सरकवून भरून काढलेला फरक आहे. माणूस दोन दिवस सारखा झोपत नाही. आज कंबर थोडी सैल असते, उद्या गुडघ्याखालचा आधार बोटभर वर लागतो, परवा पाठदुखीमुळे तो अंग चोरतो. मला तुमच्याकडून उलट हे जाणून घ्यावेसे वाटते की हे आकडे रोज एकाच दिशेने येतात की कधी इकडे, कधी तिकडे. रोज पाच मिलिमीटर खाली आणि रोज खालीच, असे येत असेल, तर पहिल्या दिवसाच्या नोंदीतच काहीतरी बिनसले आहे आणि ते शोधले पाहिजे. हे विचारायला संकोच करू नका, सगळ्या फ्रॅक्शनच्या शिफ्टची, म्हणजे काउच किती सरकवला याची, नोंद यंत्रात असते.

परत उठवण्याबद्दल. मूत्राशय पुरेसा भरलेला असला की आतडी वर उचलली जातात आणि मूत्राशयाचाही बराच भाग किरणांच्या बाहेर राहतो. गुदाशय रिकामा असला की प्रोस्टेट नियोजनातल्या जागी असते. चित्रात यातले काही बिघडलेले दिसले तर काउच सरकवून ते दुरुस्त होत नाही, कारण काउच सगळा माणूस एकसंध हलवतो, पोटातले अवयव वेगवेगळे हलवत नाही. म्हणून उठवावे लागते. पण यात आमच्या बाजूचीही एक चूक असते आणि ती मी स्पष्ट लिहिते : रुग्णाला पाणी प्यायला सांगायचे आणि मग यंत्र बंद पडले किंवा आधीचा रुग्ण लांबला म्हणून त्याला दीड तास ताटकळत ठेवायचे, हे बरोबर नाही. पाणी पिण्याची वेळ यंत्राच्या रांगेवरून ठरवली पाहिजे. तुम्ही आत आल्यावर "आज किती उशीर आहे, पाणी केव्हा सुरू करू?" असे विचारूनच पाण्याची बाटली उघडा. सकाळी शौचास साफ होणे याला तर पाण्याइतकेच महत्त्व आहे. बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टरांना आजच सांगा. श्रावणातल्या उपवासांत साबुदाणा आणि शेंगदाणे खाऊन येणाऱ्या रुग्णांची चित्रे वायूने भरलेली दिसतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मोजमाप

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. समकेंद्र यांनी जे दोन प्रकार सूचित केले, त्यांची नावे आणि त्यांचा हिशेब येथे मांडतो, कारण या विषयाचा गाभा त्यातच आहे.

रोज वेगवेगळ्या दिशेने होणारी चूक ही यादृच्छिक चूक. ती मात्रेच्या (शरीरात दिलेल्या किरणांच्या प्रमाणाच्या) कडा थोड्या धूसर करते. एकाच दिशेने रोज होणारी चूक ही पद्धतशीर चूक. ती मात्रेचा सगळा ढग उचलून बाजूला ठेवते. २००० मध्ये अॅमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कर्करोग संस्थेतील मार्सेल व्हॅन हेर्क आणि सहकाऱ्यांनी यावरून मार्जिन, म्हणजे लक्ष्याभोवती (ज्या भागाला किरण द्यायचे त्याभोवती) ठेवायचे जास्तीचे आवरण, काढण्याचे सूत्र दिले, आणि ते आजही जगभर वापरले जाते : पद्धतशीर चुकीच्या प्रमाण विचलनाची (तिच्या पसाऱ्याच्या मापाची) अडीच पट, आणि त्यात मिळवायची यादृच्छिक चुकीच्या प्रमाण विचलनाची ०.७ पट. एवढे मार्जिन ठेवले तर ९० टक्के रुग्णांमध्ये लक्ष्याच्या कोणत्याही भागाला ठरवलेल्या मात्रेच्या किमान ९५ टक्के मात्रा मिळते, असा त्याचा अर्थ.

उदाहरणादाखल पद्धतशीर चूक २ मिलिमीटर आणि यादृच्छिक ३ मिलिमीटर धरू. मार्जिन येते ५ अधिक २.१, म्हणजे ७.१ मिलिमीटर. आता रोजच्या झोपवण्यात कमालीची शिस्त आणून यादृच्छिक चूक निम्मी केली, तर मार्जिन ६ मिलिमीटरच्या आसपास येते. त्याऐवजी पद्धतशीर चूक निम्मी केली तर ते ४.६ वर येते. आकारमानाच्या भाषेत बोलायचे तर ४ सेंटीमीटर व्यासाच्या गोलाभोवती ७ मिलिमीटरचे आवरण घातले की आकारमान जवळपास अडीच पट होते, आणि ५ मिलिमीटरचे घातले की दुपटीच्या किंचित आत राहते. तो मधला फरक म्हणजे निरोगी गुदाशय, आतडी, लाळग्रंथी किंवा मज्जारज्जू. म्हणून समकेंद्र पहिल्या दिवसाबद्दल जे म्हणतात त्याला गणिताचाही पाठिंबा आहे.

पद्धतशीर चूक कमी करण्याची एक जुनी, स्वस्त आणि उत्तम रीत आहे. पहिल्या ३ फ्रॅक्शनला चित्रे घ्यायची, फरकांची सरासरी काढायची आणि उरलेल्या सगळ्या दिवसांसाठी तेवढी दुरुस्ती कायमची करून टाकायची. नेदरलँड्समधील द बूर आणि हाइमेन यांनी २००१ मध्ये ही रीत मांडली. ज्या केंद्रांत रुग्णांची रांग मोठी आहे आणि प्रत्येकाला रोज कोन-बीम सीटी देणे शक्य नाही, तिथे ही रीत आजही मनापासून वापरावी, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र ती हाडांच्या स्थितीला चांगली लागू पडते. वायूने रोज हलणाऱ्या प्रोस्टेटला किंवा गर्भाशयाला ती पुरत नाही.

आता यंत्राकडे वळतो. चित्र काढणारी नळी आणि उपचाराचे किरण यांची केंद्रे एकाच बिंदूवर येतात, हे गृहीत धरून सगळी इमारत उभी असते. अमेरिकन वैद्यकीय भौतिकशास्त्र संघटनेच्या १४२ क्रमांकाच्या कार्यगटाने २००९ मध्ये त्यासाठी मर्यादा दिली : नेहमीच्या उपचारांत २ मिलिमीटर आणि स्टिरिओटॅक्टिक (थोड्या हप्त्यांत अतिनेमकी मोठी मात्रा देण्याच्या) उपचारांत १ मिलिमीटर, तपासणी रोज. आमच्याकडे सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी मध्यभागी बारीक गोळी असलेला ठोकळा मुद्दाम ठरावीक अंतराने चुकवून ठेवतात, त्याचे चित्र घेतात आणि यंत्राने सांगितलेली शिफ्ट दिल्यावर लेसर बरोबर ठोकळ्याच्या मध्यरेषांवर येतो का, हे पाहतात. दहा मिनिटांचे काम आहे. घाईच्या दिवशी सर्वांत आधी वगळावेसे वाटणारे काम हेच, आणि ते वगळले तर त्या दिवशीच्या प्रत्येक रुग्णाला तीच चूक मिळते.

आणखी एक गोष्ट अनेकदा निसटते, ती म्हणजे वळण. साधा काउच तीन दिशांनी सरकतो आणि आडव्या पातळीत फिरतो, पण रुग्ण कुशीकडे किंवा डोक्या-पायाकडे कलला असेल तर ते त्याला दुरुस्त करता येत नाही. २ अंशांचे वळण कानाला किरकोळ वाटते. लक्ष्य केंद्रापासून १० सेंटीमीटर दूर असेल तर तिथे ते साडेतीन मिलिमीटर होते. सहा दिशांचा काउच साधारण ३ अंशांपर्यंत हे सांभाळून घेतो, मात्र काउच तिरका झाला की रुग्ण नकळत अंग सावरतो, आणि मग पुन्हा चित्र घ्यावे लागते.

लाकूडतोड्या

मीही टेक्नॉलॉजिस्ट आहे, बहुतेक काम डोके आणि मानेच्या रुग्णांचे. आपल्याकडे तंबाखूमुळे हे रुग्ण फार आहेत, त्यामुळे साच्याबद्दल लिहितो.

थर्मोप्लास्टिकची जाळीदार पट्टी साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणून बसवतात, ती काही मिनिटांत कडक होते आणि बेसप्लेटवर अडकवली जाते. रुग्ण याला साचा किंवा जाळी म्हणतात. साचा घट्ट बसला म्हणजे मान हलत नाही, असे नव्या मुलांना वाटते. हनुवटी आत थोडी वर-खाली होते आणि खांदे तर साच्यात असूनही सरकतात. चित्रात कवटी आणि मानेचा दुसरा मणका तंतोतंत जुळलेला असतो आणि सातवा मणका पाच मिलिमीटर बाहेर असतो. वरचे जुळवावे तर खालचे बिघडते. अशा वेळी काउच सरकवून तोडगा निघत नाही. साचा काढा, रुग्णाला उठवा, खांदे खाली ओढून घ्यायला सांगा, पुन्हा झोपवा. एकदा तसे केले की बहुतेक वेळा काम होते. जुळणीची चौकट (संगणक जेवढा भाग जुळवून पाहतो ती) फक्त वरच्या मणक्यांभोवती आखून "जुळले" म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे.

बायकांच्या केसांचे कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. साचा करताना अंबाडा असतो, उपचाराला त्या वेणी घालून येतात, आणि डोके उशीत बोटभर खाली बसते. केस कापले, दाढी काढली, कवळी काढून ठेवली, तरी हेच होते. साचा करताना केस मोकळे करून वरच्या बाजूला घ्यायचे आणि तसे रुग्णाच्या कागदावर लिहून ठेवायचे, एवढे मी आता नेहमी करतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गिळता न आल्यामुळे वजन पाच-सात किलोने उतरते, गालाशी साचा सैल होतो, गाठी वितळतात आणि लाळग्रंथी आत सरकतात. तेव्हा चित्रात हाडे जुळलेली आणि कातडीची रेषा मात्र आत गेलेली दिसते. ते दिसल्या दिवशी फिजिसिस्ट आणि डॉक्टरांना बोलावून नवा साचा आणि नवी सीटी करायला हवी.

एक प्रसंग लिहितो. मी पूर्वी ज्या ठिकाणी होतो तिथे पाठीच्या एका मणक्यावर वेदनाशमनासाठी उपचार चालू होता. आपोआप जुळणी झाली, आकडे लहान आले, चित्र सुंदर दिसत होते. सोबतच्या बाईंनी बरगड्या मोजायला सांगितले. आम्ही एक मणका खाली होतो. कण्यातले शेजारी मणके एकमेकांसारखे दिसतात आणि छोट्या चौकटीत संगणकाला शेजारचाही मणका तितकाच चांगला जुळलेला वाटतो. लेसर आणि कातडीवरच्या खुणेत आम्हाला सकाळी तीन सेंटीमीटरचा फरक दिसला होता आणि आम्ही तो "रुग्ण जाड आहे" म्हणून सोडून दिला होता. उपचार दिला गेला नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून शिफ्ट सेंटीमीटरच्या वर आली की मी यंत्राचे न ऐकता आधी रुग्णाजवळ जाऊन सगळे पुन्हा पाहतो आणि कण्याच्या रुग्णांचे चित्र लांब घेऊन बरगडी किंवा त्रिकास्थीपासून (कण्याच्या तळाच्या हाडापासून) मणके मोजतो.

किरणवैद्य

मी किरणोपचारतज्ज्ञ आहे. वरच्या चर्चेत एक धोका सुटला आहे असे मला वाटते, आणि तो आम्हा डॉक्टरांच्या बाजूचा आहे.

प्रतिमा मिळाली की मार्जिन कमी करण्याचा मोह होतो. ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये याचे एक बोलके उदाहरण दिले. प्रोस्टेटमध्ये बसवलेल्या खुणांच्या साहाय्याने रोज जुळणी केलेल्या रुग्णांचे मार्जिन त्यांनी बरेच लहान ठेवले होते, आणि त्याच गटात आजार परत येण्याचे प्रमाण अधिक निघाले. तो गट लहान होता, तरी त्यांनी ते प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले. जुळणीने झोपण्याची चूक कमी होते. मी संगणकावर आखलेली सीमा चुकली असेल, किरण चालू असताना प्रोस्टेट हलली असेल, तिचा आकार बदलला असेल, तर त्यातले काहीही जुळणीने कमी होत नाही. श्री. मोजमाप यांच्या सूत्रातला पद्धतशीर चुकीचा मोठा हिस्सा माझ्या आखणीत दडलेला असतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना वारंवार सांगतो.

रोज की आठवड्यातून एकदा, यावर फ्रान्समधील २१ केंद्रांनी प्रोस्टेटच्या ४७० रुग्णांची तुलना केली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. रोजच्या गटात रक्तचाचणीनुसार आजार परतण्याचे प्रमाण कमी होते आणि गुदाशयाचे त्रासही कमी होते. एकूण जगण्याचे प्रमाण मात्र रोजच्या गटात कमी आढळले. पाठपुराव्याचा काळ सरासरी चार वर्षांचा आणि मृत्यूंची संख्या लहान असल्यामुळे त्या आकड्यावरून मी माझी पद्धत बदललेली नाही. पण तो आकडा लपवूनही ठेवू नये, आणि म्हणूनच सावलीताईंच्या भावाचा प्रश्न योग्य आहे. ओटीपोटाच्या एका कोन-बीम सीटीची मात्रा यंत्र आणि सेटिंगनुसार साधारण १ ते ३ सेंटिग्रे (सेंटिग्रे हे मात्रेचे एकक) असते, तर एका फ्रॅक्शनमध्ये आपण प्रोस्टेटला २०० सेंटिग्रे किंवा त्याहून जास्त देतो. ७१ वर्षांच्या रुग्णासाठी हा सौदा निश्चितच फायद्याचा आहे. लहान मुलांच्या बाबतीत मी कमी मात्रेचे सेटिंग आणि छोटे क्षेत्र यांचा आग्रह धरतो.

आपल्या महाराष्ट्रातला पुरावाही नोंदवतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागणाऱ्या ३०० स्त्रियांवर टाटा मेमोरियल केंद्रात २०११ ते २०१९ या काळात पार्सर ही चाचणी झाली. डॉ. सुप्रिया चोप्रा यांनी तिचे नेतृत्व केले. एका गटाला जुनी त्रिमितीय पद्धत आणि दुसऱ्याला प्रतिमा-मार्गदर्शित आयएमआरटी (किरणांची तीव्रता जागोजागी बदलून देण्याची पद्धत) दिली गेली. तीन वर्षांनी आतड्यांचा मध्यम किंवा त्याहून तीव्र उशिराचा त्रास पहिल्या गटात ४२.४ टक्के आणि दुसऱ्यात २१.१ टक्के होता. आजार नियंत्रणात राहण्यात फरक पडला नाही. यातला किती वाटा प्रतिमेचा आणि किती आयएमआरटीचा, हे ही चाचणी वेगळे करून सांगत नाही. तरीही मूत्राशय भरण्याची शिस्त आणि रोजची पडताळणी यांशिवाय इतक्या नेमक्या मात्रेचा नकाशा वापरणे मला धाडसाचे वाटते. शस्त्रक्रियेनंतर योनिमार्गाचा वरचा भाग मूत्राशयाच्या भरण्यानुसार पुढे-मागे हलतो, आणि कडेला एकदम कमी होणाऱ्या मात्रेत तो कडेच्या बाहेर जाऊ शकतो.

पैलतीर

मी इंग्लंडमध्ये थेरपी रेडिओग्राफर आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या डाव्या बाजूच्या रुग्णांत श्वास रोखून धरण्याची पद्धत आम्ही वापरतो, आणि त्यासोबत कॅमेऱ्यांनी शरीराच्या पृष्ठभागाचा नकाशा घेण्याची पद्धत. यात किरण लागत नाहीत आणि किरण चालू असतानाही रुग्ण हलली तर लगेच कळते. पण पृष्ठभाग म्हणजे आतला अवयव नव्हे. स्तनासाठी तो चांगला चालतो, ओटीपोटासाठी तो फक्त सुरुवातीच्या मांडणीला उपयोगी.

एक मुद्दा वेळेचा. जुळणी झाल्यावर किरण सुरू होईपर्यंत जो वेळ जातो, त्यात रुग्ण सैलावतो, मूत्राशय भरत राहतो, वायू सरकतो. जुळणीवर दोघांची चर्चा सात-आठ मिनिटे चालली तर ते चित्र शिळे झालेले असते. आमच्याकडे ठरवून दिलेले आहे की शंका मिटायला जास्त वेळ लागला तर उपचारापूर्वी पुन्हा चित्र घ्यायचे.

सावली

सर्वांचे आभार. काल मी धीर करून शिफ्टची नोंद विचारली. त्या मुलांनी न रागावता स्क्रीनवर दाखवली. आजवरच्या १३ फ्रॅक्शनपैकी ११ वेळा फरक एकाच दिशेने, पाठीकडे, तीन ते सहा मिलिमीटर होता. मी समकेंद्र यांचे वाक्य त्यांना सांगितले. फिजिसिस्टना बोलावले गेले. नियोजनाच्या सीटीत वडिलांच्या गुदाशयात वायू होता असे त्यांनी सांगितले. रोज प्रोस्टेट पाहूनच जुळवत असल्यामुळे आजवरची मात्रा चुकलेली नाही, परंतु गुदाशयाचा आकार नियोजनापेक्षा वेगळा आहे, म्हणून सोमवारी नवी सीटी करून नियोजन पुन्हा तपासणार आहेत. वडिलांना रात्रीचे औषध सुरू केले आहे. सोमवारी सीटीपूर्वी काय काळजी घ्यावी?

समकेंद्र

अकरा वेळा एकाच दिशेने, आणि तुम्ही ते विचारले, हे फार चांगले झाले. त्या विभागाने उघडपणे नोंद दाखवली आणि लगेच पावले उचलली, याबद्दल त्यांचेही कौतुक वाटते.

सोमवारच्या सीटीसाठी : शनिवारपासून डाळी, कोबी, शेंगदाणे टाळा. सकाळी शौचास झाल्याशिवाय निघू नका, आणि झाले नसेल तर पोहोचल्यावर आधी तेच सांगा. एसटी उशिरा पोहोचली तर घाईने सीटीला जाऊ नका, वडिलांना अर्धा तास बसून शांत होऊ द्या. पाणी त्यांनी सांगितलेल्या मापानेच प्यावे, अधिक पिऊन उपयोग नाही, कारण जो मूत्राशय ते उरलेले सगळे दिवस सहज धरून ठेवू शकतील तोच सीटीत असायला हवा. झोपल्यावर पाठीला टोचत असेल, गुडघा दुखत असेल, तर त्याच वेळी बोलायला सांगा. रुग्ण सीटीच्या दिवशी मुकाट्याने सोसतात आणि मग रोज वेगळे झोपतात.

आमच्या विभागात सिम्युलेशनच्या सीटीत गुदाशयाची रुंदी ४ सेंटीमीटरपेक्षा जास्त दिसली की ती सीटी नियोजनाला पाठवत नाही. रुग्णाला उठवतो, वायू आणि शौच होऊ देतो, आणि पुन्हा झोपवतो. सोमवारी वडिलांना दोनदा उठवले, तरी त्यांना ते उगीच वाटू देऊ नका.